थांबलेल्या रुग्णवाहिकेला वाट कोण देणार?

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर जवळ आला की मुंबई-गोवा महामार्गावर निळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रीघ लागते. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव करीत आमची माणसे महाडच्या चवदार तळ्यावर पोहोचतात. कुणी टेम्पोतून येतो, कुणी एस.टी.ने, कुणी दुचाकीवर बायकामुले घेऊन. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रखडले. या काळात खड्ड्यांनी, अर्धवट पुलांनी आणि रात्रीच्या अंधाराने किती घरांतले कर्ते माणूस नेले, हे रायगडच्या वाड्यावस्त्यांना विचारावे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हाला त्याच रस्त्यावरच्या एका वेगळ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

मागे एकदा महाडहून परतत होतो. माणगाव सोडून थोडे पुढे आलो. रात्रीचे आठ वाजून गेले असतील. वळणाच्या अलीकडे एक मोटारसायकल आडवी पडली होती. एक तरुण रस्त्याच्या कडेला निपचित पडला होता आणि १०८ ची रुग्णवाहिका अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर उभी होती. डॉक्टर आणि चालक मिळून त्या तरुणाला स्ट्रेचरवर घेत होते. चालकाची पाठ रस्त्याकडे होती आणि त्या पाठीपासून हातभर अंतरावरून गाड्या सुसाट जात होत्या. एक ट्रेलर गेला, त्याच्या वाऱ्याने स्ट्रेचरवरची चादर उडाली. एका मोटारीचा वेग कमी झाला तेव्हा आम्हाला बरे वाटले. पण तिची काच खाली झाली, मोबाइल बाहेर आला, चित्रण झाले आणि ती मोटारही निघून गेली.

आणि आमच्या गाडीचे काय? आमच्या गाडीच्या बॉनेटवर निळा झेंडा होता. आमचा चालक आमचाच कार्यकर्ता. तोही हॉर्न वाजवीत होता, कारण पोरांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते. आम्हाला शरम वाटली. गाडी पुढे नेऊन सुरक्षित जागी लावायला सांगितली. चौघे जण मोबाइलचे दिवे लावून रुग्णवाहिकेच्या बऱ्याच मागे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या गाड्यांना हळू होण्याची खूण करू लागले. पाचएक मिनिटांत रुग्ण आत गेला. निघताना तो चालक एवढेच म्हणाला, "दादा, सायरन लावून पळतो तेव्हा लोक थोडी तरी जागा देतात. उभे राहिलो की आम्ही कुणाचेच नसतो."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. म्हणून आम्ही कायदा काय म्हणतो ते पाहिले.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९४ई नव्याने घालण्यात आले. अग्निशामक गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरविलेले अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो चालक आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी ही तरतूद आहे. त्याआधी १९८९ च्या रस्ता नियमांतही कडेला होऊन वाट देण्याचे कर्तव्य सांगितले होते. त्या नियमांची जागा २०१७ साली नव्या वाहनचालन नियमांनी घेतली आणि तेच कर्तव्य त्यांतही आले.

आता वाचकांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. कायदा म्हणतो, वाहन 'जवळ येत असताना'. म्हणजे रुग्णवाहिका धावत असेल, तुमच्या मागून येत असेल, तर तुमच्यावर कर्तव्य आहे. पण तीच रुग्णवाहिका घटनास्थळी पोहोचली, थांबली, तिच्यातली माणसे खाली उतरली आणि रस्त्यावर वाकून एखाद्याचा जीव वाचवू लागली, तर? तेव्हा तिच्याजवळून जाणाऱ्या चालकाने काय करावे, हे कलम १९४ई सांगत नाही. बेदरकार वाहन चालविण्याचे सर्वसाधारण कलम १८४ आहे, पण ते बहुधा अपघात घडल्यावर आठवते. माणूस चिरडल्यावर गुन्हा नोंदविणे वेगळे आणि माणूस चिरडू नये म्हणून आधीच कर्तव्य सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा कायदा आमच्याकडे नाही.

इतर देशांत तो आहे. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात १९९४ साली जेम्स गार्सिया नावाचा आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी एका अपघातस्थळी मदत करीत असताना त्याला वाहनाची धडक बसली. तो जखमी झाला आणि वर तपासात दोष त्याच्याच माथी मारण्यात आला. रस्त्यावर उभा होता, हाच जणू त्याचा अपराध! तो गप्प बसला नाही. त्याने पाठपुरावा केला आणि १९९६ साली त्या राज्याने कायदा केला. रस्त्याच्या कडेला दिवे लावून थांबलेले आपत्कालीन वाहन दिसले की त्याच्या लगतची लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जायचे. ते शक्य नसेल तर वेग कमी करायचा. एकेका राज्याने हा नियम उचलला आणि २०१२ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तो झाला. हे घडविणारा कुणी मंत्री नव्हता, तर रस्त्यावर काम करणारा एक कर्मचारी होता. आमच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

कुणी म्हणेल, अमेरिकेतले सहापदरी रस्ते कुठे आणि आमचा वडखळ-अलिबाग रस्ता कुठे! हा आक्षेप खोटा नाही. शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याचे पर्यटक अलिबाग, नागाव, काशिद, मुरूडकडे लोटतात आणि वडखळपासून गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्याने मुरूड-रेवदंड्याचा रुग्ण अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात यायचा असतो आणि तिथून पुढे पाठविलेला रुग्ण पनवेल-मुंबईला जायचा असतो. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच बंद असतात. पैसेवाल्याला वाट सापडते; कोळीवाड्यातल्या, आदिवासी वाडीतल्या, बौद्धवाडीतल्या माणसाला हा रस्ताच एक आधार असतो. अशा दुपदरी रस्त्यावर पलीकडे सरकायला जागाच नसेल, तर 'लेन सोडा' हा अर्धा नियम निरुपयोगी ठरेल. पण 'वेग कमी करा' हा दुसरा अर्धा नियम इथेच सर्वांत जास्त उपयोगाचा आहे.

साधा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी २२ मीटर पुढे आलेली असते आणि मग थांबण्याचे अंतर वेगळे. ताशी ४० च्या वेगाने हेच अंतर ११ मीटर होते. वाकलेल्या माणसाच्या पाठीमागे हे ११ मीटर म्हणजे त्याचे आयुष्य आहे. यासाठी सरकारला पूल बांधावा लागत नाही आणि टेंडरही काढावे लागत नाही.

थांबलेल्या वाहनाजवळ काय होऊ शकते, हे रायगडने पाहिले आहे. ५ जून २०१६ रोजी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ एका मोटारीचा टायर बिघडल्याने ती कडेला थांबली होती. दुसरी मोटार मदतीसाठी थांबली होती. मागून आलेली खासगी बस या दोन्ही गाड्यांवर आदळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. तिथे सायरन नव्हता, लाल-निळा दिवा नव्हता, ती साधी माणसे होती. पण धडा तोच आहे: मदतीला थांबणारा माणूस आमच्या रस्त्यावर सर्वांत असुरक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आणून मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. ठीक आहे. पण पोलिसांच्या ससेमिऱ्यापासून वाचवलेल्या या माणसाला मागून येणाऱ्या चाकांपासून कोण वाचविणार, हा आमचा सवाल आहे.

२०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना जाहीर केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यानेच सुवर्णतास मानले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा सुरू आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली आणि त्यांत डॉक्टर असतो, ही जमेची बाजू. पण त्या सुवर्णतासातली पहिली दहा मिनिटे जातात ती उघड्या रस्त्यावर. त्या दहा मिनिटांत डॉक्टरला रुग्णाकडे पाहायचे असते. त्याला पाठीमागे पाहावे लागले, तर योजनेतले दीड लाख रुपये त्या रुग्णाच्या काय कामाचे?

आता जरा आमच्या इतिहासाकडे वळू, कारण रस्त्यावरून 'बाजूला व्हा' हे शब्द आमच्या समाजाला नवे नाहीत. पिढ्यान्पिढ्या आमच्या बापजाद्यांना बाजूला व्हावे लागले. वरच्या जातीचा माणूस समोरून आला की उतरा, सावली पडू देऊ नका, रस्ता सोडा. तिथे वाट द्यायची ती जन्माला. १९२७ च्या डिसेंबरात दुसऱ्या महाड परिषदेला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी धरमतरऐवजी दासगाव बंदरमार्गे बोटीने आले. बसवाल्यांनी नेण्यास नकार दिला तर दासगावहून पायी तरी महाड गाठता यावे, हा त्यामागचा विचार. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी अस्पृश्य उतारूला नेण्यास नकार दिला. मग वस्तीतल्या, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. जातीने घडविलेला हा रस्ता अपघात होता. रस्ता सर्वांचा नसेल तर तो जीव घेतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

स्वातंत्र्यानंतरही 'बाजूला व्हा' संपले नाही. लाल दिव्याची गाडी आली की सामान्य माणसाने शिट्ट्यांच्या आवाजात कडेला व्हायचे, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले आणि असा दिवा आपत्कालीन वाहनांपुरता राहिला. आमच्या मते या निर्णयाचा खरा अर्थ कुणी नीट सांगितला नाही. रस्त्यावर अग्रक्रम पदाला नाही, जन्माला नाही, पैशाला नाही. तो गरजेला आहे. रुग्णवाहिकेत कोण झोपला आहे, त्याची जात कोणती, तो बंगल्यातला की झोपडीतला, हे वाट देणाऱ्याला माहीत नसते आणि माहीत असण्याचे कारणही नाही. संविधानातील समता आणि बंधुता रस्त्यावर उतरते ती अशी. म्हणून जन्माच्या अहंकारापुढे बाजूला होण्यास आम्ही ठामपणे नकार देतो, आणि जीव वाचविणाऱ्यासाठी सर्वांच्या आधी बाजूला होतो. या दोन गोष्टींत विरोध नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे.

आणि रस्त्यावर वाकलेला तो कोण असतो? कंत्राटावर नेमलेला रुग्णवाहिकाचालक असतो. वाहतूक हवालदार असतो. क्रेनच्या साखळीला लोंबकळणारा पोऱ्या असतो. डांबरावर सांडलेले रक्त आणि काचा झाडणारा सफाई कामगार असतो. वादळानंतर तुटलेली तार जोडणारा वायरमन असतो. ही कष्टकरी बहुजनांची मुले आहेत. त्यातला एखादा चिरडला गेला की वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी येतात. म्हणून आम्ही म्हणतो की हा नियम केवळ रुग्णवाहिकेपुरता नको. दिवे लावून थांबलेली अग्निशामक गाडी, पोलीस गाडी, क्रेन, रस्ता दुरुस्तीची आणि वीज दुरुस्तीची गाडी, सर्वांना तो लागू व्हावा.

एक शंका आमच्याच वाचकांतून येईल, आणि ती रास्त आहे. नवा नियम म्हणजे नवी पावती. नवी पावती म्हणजे टेम्पोवाला, रिक्षावाला आणि दुचाकीवाला यांच्या खिशात हात. आलिशान गाडीवाला फोन लावून सुटतो आणि दिवसाला पाचशे कमावणारा दहा हजारांच्या दंडाने मरतो. ही भीती आम्हालाही आहे. म्हणून दंडाच्या आकड्यापासून सुरुवात करू नये, कर्तव्यापासून करावी. वाहनचालनाचे नियम केंद्र सरकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली करते. त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. अधिसूचना काढून 'जवळ येणाऱ्या' वाहनाबरोबर 'कामासाठी थांबलेल्या' वाहनाचा उल्लेख त्यात घालता येईल. राज्य सरकारलाही कलम १३८ खाली वाहतुकीविषयी नियम करण्याचा अधिकार आहे. आधी नियम करा, वाहन परवान्याच्या परीक्षेत त्यावर प्रश्न विचारा, पळस्पे ते पोलादपूर आणि वडखळ ते अलिबाग ठिकठिकाणी मराठीत फलक लावा, रुग्णवाहिकेत परावर्तक त्रिकोण आणि कर्मचाऱ्यांना चमकणारी जाकिटे द्या, आणि मग दंडाचे बोला. तोही पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्याला कमी दंड, आणि कुणाला इजा झाली तर कठोर शिक्षा, असा चढता असावा.

पण कागदावर नियम आला म्हणजे काम झाले, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. महाडच्या मातीत उभे राहून तसे समजताच येणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव म्हणून इतिहासाला जो ठाऊक आहे, तो मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. नियम होता, ठराव होता, शिक्का होता. तरीही तीन वर्षे कुणाला त्या पाण्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो कागद जिवंत झाला. त्यानंतरही न्यायालयात लढावे लागले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली लागला. नियम कागदावर आणणे ही एक लढाई आणि तो वागणुकीत आणणे ही दुसरी, हे महाड आम्हाला शिकवते. इथे तर उलटेही करता येईल. कागदावर नियम येण्याआधीच तो आम्ही वागणुकीत आणू शकतो.

त्यासाठी सुरुवात आपल्या घरापासून करावी लागेल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डी.जे.च्या आवाजात मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू येत नाही, हे आपण पाहिलेले आहे. रुग्णवाहिकेने गर्दी फोडली की तिच्या मागे मागे आपली गाडी दामटणारे महाभाग आपल्यातही आहेत. अपघात दिसला की मोबाइल काढणारे हात आपलेही असतात. हे कबूल केल्याशिवाय सरकारकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चालकाला निघण्यापूर्वी तीन गोष्टी सांगाव्यात, अशी आमची गावोगावच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. मागून सायरन आला तर डावीकडे होऊन वाट द्यावी. कडेला दिवे लावून गाडी थांबलेली दिसली तर लांबूनच वेग कमी करावा, जागा असेल तर तिच्यापासून लेनभर दूर जावे, आणि हॉर्न वाजवू नये. मदतीला थांबायचेच असेल तर आपली गाडी घटनास्थळाच्या पुढे, रस्त्याबाहेर लावावी. गर्दी करू नये आणि चित्रण करू नये. महिला मंडळांनी, युवक मंडळांनी आपापल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे यासाठी द्यावीत. आणि प्रत्येक तालुक्यातून जिल्हाधिकाऱ्यांना, परिवहन मंत्र्यांना एक निवेदन जावे, की 'जवळ येणाऱ्या' या शब्दांपुढे 'थांबलेल्या' हा एक शब्द घाला.

माणगावच्या अलीकडच्या त्या वळणावरचा तरुण पुढे वाचला की नाही, आम्हाला कळले नाही. त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते. त्याला उचलणाऱ्या चालकाला मात्र त्या रात्री आणखी फेऱ्या करायच्या होत्या. आजही तो कुठल्या तरी वळणावर पाठ रस्त्याकडे करून वाकलेला असेल. त्याच्याजवळून जाताना आपला पाय ब्रेकवर असावा, एवढीच आमची मागणी आहे.

जय भीम!